सांगलीचा उन्हाळा आणि घरातली लहान मुलं: गार कसं ठेवायचं, रमवायचं कसं

एप्रिल लागला की सांगलीत पारा चाळिशीकडे सरकतो आणि घरोघरी एकच गाऱ्हाणं सुरू होतं. मूल दुपारभर किरकिर करतं, धड जेवत नाही, झोपत नाही. बाहेर सोडावं तर ऊन, घरात ठेवावं तर मोबाइलचा हट्ट. मग गारव्यासाठी कूलर आणि करमणुकीसाठी टीव्ही अशी दोन उत्तरं शोधली जातात. एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ही दोन्ही कामं एकदमच होतात, असं माझं ठाम मत आहे. पाण्याशी आणि सावलीत खेळणारं मूल आपोआप गार राहतं, आणि गार असलेलं मूल किरकिर करत नाही. त्यासाठी दिवसाची आखणी, घराची थोडी तयारी आणि मोठ्या माणसाची सोबत एवढं लागतं. खर्च फारसा येत नाही.

लहान मुलांना ऊन मोठ्यांपेक्षा लवकर का बाधतं, हे आधी समजून घेऊ. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता अंगात लवकर शिरते. त्यांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो. आणि खेळाच्या नादात तहान लागली तरी ती पाणी मागत नाहीत. आपलं शरीर गार राहतं ते माठासारखं: पाणी बाहेर झिरपतं, वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. मुलांचा माठ कमी झिरपतो, म्हणून वरून ओलावा द्यायचा आणि आत पाणी भरत राहायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर आधारलेलं आहे.

पहिलं काम: दिवसाचं घड्याळ बदला

सुट्टी आहे म्हणून मुलाला नऊपर्यंत झोपू देऊ नका. उन्हाळ्यात बाहेर खेळायची खरी वेळ सकाळी सहा ते साडेआठ. पळापळ, सायकल, चेंडू, मातीत खेळणं, जे काही अंग घामाघूम करणारं आहे ते या अडीच तासांत उरकायचं. आमराईच्या जुन्या झाडांखाली सकाळी सातला जी हवा असते ती दिवसभरात परत मिळत नाही. गणपती मंदिरात न्यायचं तर तेही सकाळीच. दुपारी अनवाणी चालताना दगडी फरशीने मोठ्यांचे पाय भाजतात, मग दोन वर्षांच्या पोराच्या तळव्यांचं काय होत असेल?

नऊनंतर घरात. बारा ते चार अंधार, जेवण, झोप आणि बसून खेळायचे खेळ.

चार वाजले म्हणून ऊन संपलं असं समजू नका. पारा सगळ्यात वर असतो तो साधारण दोन ते चारच्या दरम्यान, आणि डांबरी रस्ता, सिमेंटचे ब्लॉक, बागेतली पत्र्याची घसरगुंडी त्यानंतरही बराच वेळ तापलेली राहते. खेळायला सोडण्याआधी आपल्या हाताची पालथी बाजू घसरगुंडीवर पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवता येत नसेल तर मुलाला बसवायचं नाही. मे महिन्यात सहाच्या आधी बाहेर पडायची घाई करू नये.

दुसरं काम: घर आतून गार ठेवा

गावभागातल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती दुपारीसुद्धा आत गारवा धरून ठेवतात. विश्रामबाग, कुपवाडकडच्या फ्लॅटमध्ये, त्यातही सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. तुमचं घर असं असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारून घ्या. पांढरा रंग ऊन परतवतो, आणि चुना स्वस्त आहे. गच्ची सोसायटीची असेल तर वर्गणी काढून करा, फायदा वरच्या मजल्याला जास्त असला तरी.

खिडक्यांचं साधं तंत्र आहे. सकाळी नऊच्या सुमारास बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम व्हायला लागली की खिडक्या लावून पडदे ओढायचे. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की समोरासमोरच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा किंवा ओलं गोणपाट लावलं तर फार फरक पडतो. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं, म्हणून बाहेरून.

कूलर असेल तर त्याच्या समोरच्या बाजूची एक खिडकी थोडी उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात दमटपणा भरतो आणि मूल घामाने चिकट होतं. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी घासून, कोरडी करून मगच भरायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. आणि विजेचं सांगायलाच हवं: कूलरचं प्लग तीन पिनांचं हवं, अर्थिंग तपासून घेतलेलं हवं. ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला हात लावणारं पोर ही उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी भीती आहे. पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग काढायचा, मग बादली.

एसी असेल तर २६-२७ अंशांवर ठेवा, झोत थेट मुलावर नको, आणि एसीतून उठून लगेच उन्हात जाऊ देऊ नका.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. गच्चीवरची काळी टाकी दुपारी एक वाजता अक्षरशः कढत पाणी देते. नळ सोडून मुलाला थेट खाली उभं करू नका. अंघोळीची बादली सकाळीच भरून बाथरूममध्ये ठेवा. दुपारपर्यंत ते पाणी हवं तसं राहतं. बर्फाचं पाणी अंघोळीला नको, साधं पुरतं.

तिसरं काम: पोटात पाणी जात राहू द्या

एक ते तीन वर्षांच्या मुलाच्या पोटात दूध धरून दिवसाला साधारण एक लिटर द्रव जायला हवा, चार वर्षांपुढे सव्वा लिटरच्या आसपास. कडक उन्हाळ्यात त्याहून थोडं जास्त. एकदम पेलाभर पाणी मूल पीत नाही, म्हणून त्याचं स्वतःचं छोटं भांडं माठाजवळ, त्याच्या हाताला येईल असं ठेवा आणि दर खेळानंतर दोन घोट हा नियम करा. पुरेसं पाणी जातंय का हे ओळखायची खूण म्हणजे लघवी: फिकट आणि वरचेवर व्हायला हवी. पिवळीजर्द झाली की पाणी कमी पडलंय.

सरबतांच्या बाटल्यांपेक्षा आपल्या भागातली आंबील मला कितीतरी बरी वाटते. चार चमचे नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ रात्री वाटीभर ताकात भिजवून झाकून ठेवा. सकाळी दोन पेले पाणी उकळा, आच मंद करा आणि भिजलेलं पीठ बारीक धारेने ओतत ढवळत राहा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सात-आठ मिनिटांत कच्चा वास जातो आणि चकाकी येते. पूर्ण गार झाल्यावर घुसळलेलं ताक, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड घालून पातळ करा. ज्या मुलाला दुपारी जेवण जात नाही, त्याच्या पोटात वाटीभर आंबील जाते. सकाळची आंबील दुपारपर्यंत संपवायची, संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही.

पन्ह्याचा गर एकदा करून ठेवला की चार दिवस चिंता नाही: कैऱ्या उकडून गर काढायचा, त्यात गूळ, मीठ, वेलची, आणि फ्रीजमध्ये. ताक, शहाळं, कलिंगड, काकडी हे तर आहेच. रसवंतीचा उसाचा रस द्यायचा तर बर्फ न घालता, कारण तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे आपल्याला कळत नाही. गोळ्याचा हट्ट असेल तर कलिंगडाचा रस स्टीलच्या वाटीत चमचा उभा करून फ्रीजरमध्ये घट्ट करा.

आणि द्राक्षं. तासगावच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्या घरांत मार्च-एप्रिलमध्ये द्राक्षांची पेटी असतेच. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खं द्राक्ष कधीच देऊ नका. ते नेमकं श्वासनलिकेत अडकेल अशा आकाराचं असतं. उभे चार तुकडे करून द्या. कलिंगडाच्या बिया काढा. शेंगदाणे, फुटाणे अख्खे नकोत.

वर्षाखालच्या बाळाच्या खाण्यात मीठ, साखर, गूळ नको, आणि मध तर अजिबात नको.

चौथं काम: दुपारचे खेळ

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण घरातली खरी लढाई अकरा ते साडेपाचची असते. दोन-तीन वर्षांचं मूल एका खेळात पंधरा-वीस मिनिटं रमतं. त्यामुळे सगळी खेळणी एकदम काढू नका. दोन-तीन खेळ ठरवून ठेवा आणि मूल उठायला लागलं की पुढचा काढा.

सगळ्यात सोपा खेळ शहाबादी फरशीचा. एक जुना रंगाचा ब्रश किंवा दाढीचा ब्रश, एक मग पाणी आणि सावलीतली गॅलरी. कोरडी शहाबादी फरशी ओली झाली की एकदम काळी पडते, त्यामुळे पाण्याने काढलेलं चित्र ठसठशीत उमटतं. पोर हत्ती काढायला घेतं. सोंड काढून, पोट काढून शेपटीपर्यंत येईतो सोंड वाळून गेलेली असते, आणि ते चिडून किंवा हसून परत सोंडेकडे वळतं. हात, कोपर, फ्रॉक सगळं भिजतं, आणि तेच तर हवं असतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा की पाणी कुठे गेलं? मग एका फरशीवर वारा घाला, एकीवर नको, आणि कुठली आधी वाळते ते बघायला सांगा. माठातलं पाणी गार का, याचं उत्तर ते स्वतःच शोधून काढतं.

दुसरा खेळ परातीचा. पसरट परातीत दोन बोटं पाणी, सोबत चहाची गाळणी, नरसाळं, पळी, दोन-तीन वाट्या आणि स्पंजचा तुकडा. या पेल्यातून त्या पेल्यात ओतणं यात दोन वर्षांचं मूल जितकं रंगतं तितकं महागड्या खेळण्यात रंगत नाही. तांबडा कुंकवाचा किंवा हळदीचा रंग पाण्यात टाकू नका, डोळ्यात जातो. खेळ संपला की ते पाणी कुंडीत किंवा फरशी पुसायला; पाण्याची टंचाई असलेल्या दिवसांत पाणी वाया घालवायचं नाही हे मुलालाही शिकायला मिळतं. मात्र मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं. स्वयंपाकघरात जाऊन येते म्हणून उठायचं नाही. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. खेळ झाल्यावर परात लगेच उपडी, बाथरूमच्या बादल्या झाकलेल्या, दाराला वरची कडी.

तिसरा, बर्फात अडकलेले प्राणी. रात्री स्टीलच्या डब्यात प्लॅस्टिकचे मोठे प्राणी ठेवून पाणी भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. दुपारी तो बर्फाचा ठोकळा परातीत काढा आणि मुलाला चमचा, वाटीभर साधं पाणी आणि चिमूटभर मीठ द्या. मीठ पडेल तिथे बर्फ आधी खचतो हे त्याला आपोआप दिसतं. वाघाची सुटका व्हायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तोंडात मावणार नाहीत एवढेच मोठे प्राणी घ्या.

पाण्याचा कंटाळा आला की साडीचा तंबू. गरम हवा वर जाते, म्हणून घरातली सगळ्यात गार जागा म्हणजे फरशी. जेवणाच्या टेबलावरून किंवा खाटेवरून जुनी सुती साडी सोडा, वाऱ्यासाठी पंख्याकडची बाजू उघडी ठेवा, खाली फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्या आणि वर पातळ चटई टाका. आत बॅटरी घेऊन बसलं की सावल्यांचं नाटक सुरू. पुठ्ठ्याचे कापलेले ससा-कासव, झाडूची काडी चिकटवलेली, आणि साडीवर पडणारी सावली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटकाचा पहिला प्रयोग ज्या गावात केला त्या गावच्या पोरांना पडद्यामागून आवाज काढायची हौस असायलाच हवी. तिकीट छापा, आजी-आजोबांना प्रेक्षक करा. ही तालीम तीन-तीन दुपारी पुरते.

वाळवणाचे दिवस हेही मुलांचेच. कुरडया, पापड, सांडगे सकाळी लवकर घालायचे असतात, तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला सांडग्याच्या पिठाचे गोळे मांडायला द्या. वाकडेतिकडे मांडले तरी वाळतात. राखणीला मात्र गच्चीवर उन्हात बसवू नका, दारातल्या सावलीतून काठी हलवली तरी कावळा उडतो. दुपारी आमरसाचे आंबे पाण्यात टाकून धुणं, कच्चा, पाडाचा, पिकलेला असे वेगळे करणं, मऊ करून देणं ही कामं मुलं मन लावून करतात. चिंचोके, सागरगोटे, काचापाणी असे बारीक तुकड्यांचे खेळ मात्र पाच वर्षांपुढच्यांना आणि धाकटं भावंड झोपल्यावर.

रोजचं एक काम मुलाच्या नावावर करून टाका: गॅलरीतल्या मातीच्या परळात पाखरांसाठी पाणी भरणं. सकाळी जुनं पाणी ओतायचं, परळ घासायचं, ताजं भरायचं. चिमण्या, बुलबुल यायला लागले की पोर पडद्याआडून तासभर बघत बसतं.

मोबाइलबद्दल माझं मत सरळ आहे. दोन वर्षांखाली नकोच. दोन ते चार वर्षांसाठी दिवसाला एक तासाच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेली मर्यादा पाळता येते, फक्त वेळ ठरलेली हवी. मी तो वेळ साडेचारच्या सुमाराला ठेवावा असं सांगेन, कारण तेव्हा मोठी माणसंही थकलेली असतात.

रात्री गच्ची. सूर्य मावळल्यावर गच्चीवर थोडं पाणी मारा, तासाभराने गादी टाका. एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे सप्तर्षी उंच दिसतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की स्वाती सापडते. चार वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलं की दुसऱ्या दिवशी ते तुम्हाला दाखवतं. कठडा बुटका असेल तर मूल मधोमध झोपवा आणि मच्छरदाणी लावा.

तान्हं बाळ घरात असेल तर

सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरचं पाणी देऊ नका, उन्हाळ्यातही नाही. आईचं दूध वरचेवर पाजा, आणि पाणी प्यायचं ते आईने, भरपूर. घरात असताना बाळाचं टोपडं काढून ठेवा. डोक्यातूनच बाळाची बरीच उष्णता बाहेर पडते, आणि मे महिन्यात टोपडं, दुपटं, पायमोजे असा थाट म्हणजे बाळाला कोंडणं आहे. आजी आग्रह धरत असतील तर त्यांना प्रेमाने सांगा की संध्याकाळी वारा सुटल्यावर घालू या. शेक-शेगडी आणि धुरी या दिवसांत पूर्ण बंद. पाळण्यावर किंवा झोळीवर जाड चादर टाकली की आतली हवा तापते. पातळ जाळीची मच्छरदाणी चालते. घामोळ्यांवर पावडरचा थर नको, ती बाळाच्या श्वासात जाते. साध्या पाण्याची अंघोळ, मानेच्या वळ्या कोरड्या आणि पातळ सुती झबलं, एवढ्याने घामोळं बसतं.

बाहेर पडावंच लागलं तर

लग्नसराईत दुपारी बाहेर जावं लागतं, हे मला कळतं. मुलाला स्कूटरवर पुढे उभं करून भर उन्हात नेऊ नका. सगळा गरम वारा त्याच्याच तोंडावर येतो. रिक्षा करा. ओला पंचा, पाण्याची बाटली, ओआरएसचं पाकीट आणि एक जादा सुती कपडा पिशवीत हवा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मुलाला दोन मिनिटंही ठेवू नका, काच थोडी खाली केली तरीही नाही. पंधरा-वीस मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांहून जास्त चढतं. खिशात कांदा ठेवायचा तर जरूर ठेवा, पण टोपी, पाणी आणि सावलीची जागा तो घेत नाही.

कृष्णेत डुंबवायचा मोह मात्र आवरा. नदी संथ दिसते, पण पात्रात डोह आहेत. शिवाय भिलवडीपासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णेत मगरी आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. घाटावर बसा, आयर्विन पुलाखालून वाहणारं पाणी दाखवा, पाय मात्र पाण्यात सोडू नका.

वळीव आला की दुसऱ्या दिवशी हवा दमट असते. त्या दिवशी कूलरचा उपयोग कमी, ओलं फडकंही लवकर वाळत नाही. पंखा आणि मोकळी हवाच कामाची. वीज जाते, म्हणून चार्जिंगचा छोटा पंखा आधीच भरून ठेवा. गच्चीवर साठलेलं पाणी दोन दिवसांत काढा.

ऊन बाधलंय हे कसं ओळखायचं

मूल सुस्त झालं, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, सहा तासांत लघवी नाही, बाळाची टाळू आत गेलेली दिसते, यातलं काहीही दिसलं तर सावलीत आणा, कपडे काढा, अंग ओल्या फडक्याने पुसा आणि ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात असं करायचं नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. खोक्यातली गोड फळांची पेयं ओआरएसच्या जागी देऊ नका. सहा महिन्यांखालचं बाळ असेल तर आईचं दूध चालू ठेवून लगेच डॉक्टरकडे.

अंग तापून चटका बसेल इतकं गरम, ताप १०४ च्या वर, मूल बरळतंय, ओळखत नाही, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन करा. या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, ते देण्यात वेळ घालवू नका. गाडी येईपर्यंत अंगावर साधं पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाला. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, कुशीवर झोपवा. शेवटची लघवी कधी झाली, उन्हात किती वेळ होतं, काय प्यायलं, हे डॉक्टरांना सांगायला सोबत जाणाऱ्या माणसाला आठवून ठेवायला लावा, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत वाटेतही अंग ओलं करणं थांबवू नका.